लहान लाकडी भागांसाठी बँडसॉचं ब्लेड कसं निवडलं: एका प्रतिकृती-कार्यशाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

जहाजांच्या लाकडी प्रतिकृती बनवणारी दोन माणसांची कार्यशाळा. एका प्रतिकृतीचा आराखडा पक्का झाल्यावर तिच्या सुट्या भागांचे १२ संच करायचं ठरलं. पहिला नमुना बारीक हातकरवत आणि कानस वापरून झाला होता. बारा संचांसाठी तो मार्ग परवडणारा नव्हता, म्हणून काम बँडसॉवर, म्हणजे दोन चाकांवरून सतत फिरणाऱ्या पट्टीसारख्या ब्लेडच्या करवतीवर आलं.

मशीन टेबलावर ठेवायचं, लहान. चाकांचा व्यास २३० मिमी, ब्लेडची लांबी १५११ मिमी, ब्लेडचा वेग मिनिटाला साधारण ७५० मीटर. ३ मिमीपासून १२ मिमीपर्यंत रुंदीची ब्लेडं त्यावर बसतात. सुरुवातीला चढवलेलं ब्लेड ६ मिमी रुंद, ०.६४ मिमी जाड, इंचाला ६ दातांचं होतं. दात हुक प्रकारचे, म्हणजे पुढे झुकलेले आणि लाकडात ओढून शिरणारे.

कापायचे भाग तीन तऱ्हांचे होते.

पहिल्या बरगड्या. ६ मिमी बर्च प्लायवूड, प्रत्येक संचात २२, आणि बावीसही वेगवेगळ्या आकाराच्या. वरून उघड्या असल्याने ब्लेड आतपर्यंत पोचू शकत होतं. बाहेरची वळणं सौम्य, २५ मिमीपेक्षा जास्त त्रिज्येची. आतले कोपरे मात्र ६ मिमी त्रिज्येचे.

दुसरे कोपऱ्यांचे आधार-तुकडे. १० मिमी जाडीचं बीच लाकूड, तयार तुकडा जेमतेम १४ × १८ मिमी, आतलं वळण ५ मिमी त्रिज्येचं. संचाला ३६.

तिसऱ्या पट्ट्या. ३० मिमी जाड आणि १०० मिमी रुंद बीचच्या फळीतून उभे काप घेऊन पातळ पट्ट्या काढायच्या, घासून १.५ मिमीवर आणायच्या आणि मग त्यांच्या अरुंद फळ्या करायच्या.

अडचण

पहिल्या संचातच काम अडलं. प्लायवूडच्या खालच्या बाजूला कापाच्या कडेने २-३ मिमीचे कपचे उडत होते. २२ पैकी ७ बरगड्या टाकाव्या लागल्या. आधार-तुकडे बोटांतून ओढले जात होते. काही टेबलाच्या खाचेतून खाली पडले, एक ब्लेडशेजारी अडकून बसला. ५ मिमीच्या वळणावर ब्लेड वळतच नव्हतं. जोर लावून वळवलं की ते पिळायचं आणि वर रेषेवर दिसणारा काप खाली १ मिमीने सरकलेला असायचा. पट्ट्यांची जाडी एकाच पट्टीत १.६ पासून २.९ मिमीपर्यंत बदलत होती.

त्यात भर म्हणून आठवड्याभरात दोन ब्लेडं तुटली. पहिलं सुमारे तीन तास चालून, दुसरं त्याहून लवकर.

कार्यशाळेने या सगळ्याला एकच कारण लावलं: दात जाडेभरडे आहेत. हे निदान पूर्ण चुकीचं असतं तर लगेच लक्षात आलं असतं. ते एका भागापुरतं बरोबर होतं, म्हणूनच त्याने जास्त वेळ खाल्ला.

पहिले दोन उपाय आणि ते का फसले

आधी इंचाला २४ दातांचं ब्लेड आणलं. रुंदी तीच ६ मिमी, जाडी तीच ०.६४ मिमी. प्लायवूडवर फरक लगेच दिसला. कपचे निम्म्याहून कमी झाले, कड गुळगुळीत आली. निवड जमली असं समजून तेच ब्लेड पट्ट्यांना लावलं. पहिल्याच कापात जळका वास आला, लाकडाच्या दोन्ही बाजू तपकिरी झाल्या आणि काप पुढे सरकेना. जोराने ढकलल्यावर ब्लेड लाकडाच्या आत मध्यावर फुगलं. पट्टी वर-खाली जाड आणि मध्ये पातळ निघाली.

याचं कारण दोन दातांमधल्या खाचेत आहे. दात लाकडात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्याने काढलेला भुसा त्याच्यापुढच्या खाचेतच साठतो. इंचाला २४ दात म्हणजे दोन दातांत जेमतेम १ मिमी अंतर, खाच त्याहून उथळ. ३० मिमी लाकडात असे २८ दात एका वेळी असतात. खाच अर्ध्या वाटेतच भरते, पुढचा भुसा बाजूंना घासत राहतो आणि कापण्याऐवजी उष्णता तयार होते. शिवाय हे ब्लेड मुळात धातू कापायचं होतं. त्याच्या दातांना सेट अगदी कमी. सेट म्हणजे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असणं. तो कमी असला की ब्लेडच्या अंगाला लाकडात हालचालीला जागा उरत नाही.

दुसरा उपाय ३ मिमी रुंद ब्लेडचा. लहान वळणांना अरुंद ब्लेड लागतं, हा विचार बरोबरच होता. इंचाला १४ दात, जाडी ०.३६ मिमी. पहिले काही आधार-तुकडे सुरेख निघाले. वीसेक मिनिटांनी ब्लेड डावीकडे ओढायला लागलं, अर्ध्या तासाने ५ मिमीचं वळण घेईनासं झालं. ‘३ मिमीची ब्लेडं टिकत नाहीत’ असा शेरा मारून ते बाजूला ठेवलं गेलं.

या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक इथे झाली. काढलेलं ब्लेड भिंगाखाली धरलं असतं तर उजव्या बाजूचे दात घासून सपाट झालेले दिसले असते. मशीनवर पोलादी ठोकळ्यांची गाइड, म्हणजे ब्लेडला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी टेकण, होती आणि ६ मिमी ब्लेडसाठी लावलेली तशीच राहिली होती. ३ मिमी ब्लेडवर ती थेट दातांवर येत होती. उजवा सेट गेला, डावा राहिला, मग ब्लेड डावीकडे ओढणारच. ब्लेड चांगलं होतं. ते बसवताना गाइडकडे कोणी पाहिलं नाही.

काम मोजायला घेतलं

तिसरं ब्लेड मागवण्यापूर्वी एकाने सगळे भाग टेबलावर मांडले आणि प्रत्येकापुढे दोन आकडे लिहिले: लाकडाची जाडी आणि सर्वांत लहान वळणाची त्रिज्या. हे काम खरं तर पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं. तासाभराच्या या मांडणीतून ब्लेडचे तिन्ही प्रश्न सुटत गेले: रुंदी, दातांची संख्या आणि जाडी.

*रुंदी.* वळणावर ब्लेडचा पुढचा भाग कापत वळतो. मागचा भाग सरळ असतो आणि त्याच कापात मावला पाहिजे. त्याला मिळणारी मोकळी जागा म्हणजे कापाची रुंदी वजा ब्लेडची जाडी. भूमितीने काढलं तर लागणारी त्रिज्या साधारण रुंदीचा वर्ग भागिले मोकळ्या जागेच्या आठपट इतकी येते. ३ मिमी ब्लेडला ०.३ मिमी जागा असेल तर ९ भागिले २.४, म्हणजे पावणेचार मिमी. ६ मिमी ब्लेडला ०.४ मिमी जागा धरली तर सव्वाअकरा. प्रत्यक्षात सवलत ठेवून ३ मिमीला ५, ६ मिमीला १६, १० मिमीला ३७ आणि १३ मिमीला ६४ मिमी त्रिज्या धरायचा प्रघात आहे. रुंदी दुप्पट झाली की त्रिज्या तिप्पट-चौपट होते, हे लक्षात असलं तरी बहुतेक वेळा पुरतं.

याच हिशेबाने गाइडने बिघडवलेल्या ब्लेडचाही उलगडा झाला. सेट निम्मा घासला की मोकळी जागा ०.१५ मिमी उरते आणि तेच ३ मिमी ब्लेड ७.५ मिमीखाली वळू शकत नाही. अरुंद ब्लेड बोथट होण्याआधीच ‘वळत नाही’ अशी तक्रार येते, ती यामुळे.

*दात.* लाकडात एका वेळी किमान ३ दात असावेत, ६ ते १२ असतील तर उत्तम, २४ च्या वर गेले की खाचा भरतात. जाडी मिमीमध्ये घ्यायची, २५.४ ने भागायची आणि इंचातल्या दातांनी गुणायची. ६ मिमी प्लायवूडला मूळच्या ब्लेडचे १.४ दात लागत होते. म्हणजे कित्येकदा एकच दात लाकडात आणि पुढचा वरून आपटून आत येणारा. खालचा थर फाटण्याचं आणि तुकडा बोटांतून ओढला जाण्याचं कारण एकच होतं. १४ दातांच्या ब्लेडने हाच आकडा ३.३ होतो, म्हणजे कसाबसा काठावर. १० मिमी बीचला ५.५. ३० मिमीच्या फळीला मात्र ६ दातांचं ब्लेड योग्य होतं, कारण तिथे ७ दात कामाला लागतात. ज्या ब्लेडवर सगळा दोष टाकला होता, त्याची दातसंख्या एका कामासाठी अगदी बरोबर होती.

*जाडी.* ब्लेडं का तुटत होती याचं उत्तर दातांत नव्हतं. तुटलेल्या टोकांकडे नीट पाहिलं तेव्हा चिरा दोन दातांमधल्या खाचेच्या तळापासून सुरू झालेल्या दिसल्या. ही खूण वाचता यावी. जोडावर तुटलं तर वेल्डिंग सदोष. मागच्या कडेपासून चीर आली तर लाकूड फार जोराने रेटलं गेलं किंवा ब्लेडला मागून टेकण देणारं बेअरिंग सतत दाबत राहिलं. खाचेतून चीर आली तर ब्लेड वाकून-वाकून थकलं, किंवा ते फार घट्ट ताणलेलं होतं.

इथे वाकूनच थकलं होतं. ब्लेड चाकावरून जाताना त्यात येणारा ताण म्हणजे पोलादाचा स्थितिस्थापकतांक गुणिले ब्लेडची जाडी, भागिले चाकाचा व्यास. स्थितिस्थापकतांक २०५ गिगापास्कल धरला तर २३० मिमी चाकावर ०.६४ मिमी ब्लेडमध्ये सुमारे ५७० मेगापास्कल ताण येतो. तेच ब्लेड ३५५ मिमी चाकाच्या मोठ्या मशीनवर ३७० मेगापास्कलवर चालतं. ०.३६ मिमी ब्लेड लहान मशीनवर ३२० वर. हा ताण एकदाच येत नाही. १५११ मिमीचं ब्लेड मिनिटाला जवळपास ५०० फेऱ्या मारतं आणि प्रत्येक फेरीत दोनदा वाकतं. तीन तासांत १ लाख ८० हजार वेळा. मोठ्या मशीनसाठीचं जाड ब्लेड लहान चाकांवर फार दिवस जगणार नव्हतंच.

तपासलेले पर्याय

*सगळ्यासाठी एकच मधलं ब्लेड.* ६ मिमी रुंद, इंचाला १० दात. बदलण्याचा त्रास नाही, हे त्याचं आकर्षण. पण प्लायवूडला २.४ दात मिळतात आणि ५ मिमीचं वळण मुळीच होत नाही. मधला मार्ग इथे तिन्ही कामांना अपुरा पडत होता.

*आधार-तुकडे आणि आतले कोपरे स्क्रोल सॉवर.* स्क्रोल सॉचं वर-खाली हलणारं पातं याहून बारीक असतं आणि बंद भोकातही घालता येतं. ५ मिमीहून कमी त्रिज्येची वळणं असती तर तोच योग्य पर्याय ठरला असता. पण जाड थरात तो फार सावकाश चालतो आणि पातं आत तिरपं जातं. बरगड्या एकावर एक रचून कापायचा विचार तोवर पुढे आला होता, त्यात तो बसत नव्हता.

*बरगड्या लेझरने कापून घेणं.* अचूकता निर्विवाद चांगली. पण कापलेली कड जळून काळी होते. या बरगड्यांच्या कडांवरच बाहेरच्या फळ्या सरसाने चिकटवायच्या होत्या, आणि जळलेल्या थरावर चिकटवण नीट धरत नाही. २६४ बरगड्यांच्या कडा खरवडायच्या तर वाचलेला वेळ तिथेच गेला असता.

*कामानुसार ब्लेड, आणि ब्लेडनुसार कामाची रांग.* एका संचाचे सगळे भाग करून मग दुसरा संच घ्यायचा नाही. एक ब्लेड चढवलं की बाराही संचांचं त्या ब्लेडचं काम संपवायचं.

शेवटचा पर्याय निवडला. तीन ब्लेडं मागवावीत की दोन, यावर दोघांत मतभेद होता. अखेर दोनवर ठरलं. वळणांसाठी ३ मिमी रुंद, ०.३६ मिमी जाड, १४ दात, साधे सरळ दात. पट्ट्यांसाठी १० मिमी रुंद, ०.३६ मिमी जाड, ६ दात, स्किप प्रकारचे, म्हणजे रुंद उथळ खाचांचे. सौम्य वळणांसाठी ६ मिमी, १४ दातांचं तिसरं ब्लेड वगळलं. त्याबद्दल शेवटी.

केलेले बदल

*गाइड.* पोलादी ठोकळे काढून त्याच मापाचे बीचचे ठोकळे बसवले, त्यांवर मेण चोळलं. लाकडी ठोकळ्यात दात घासले तरी सेट जात नाही, ठोकळाच झिजतो. म्हणून ३ मिमी ब्लेड दोन्ही बाजूंनी जवळून धरता येतं. ठोकळ्याचं तोंड काही तासांनी झिजून खाच पडते. ते पुन्हा सपाट करून घ्यायचं. बाजूची फट कागदाच्या जाडीइतकी, मागचं बेअरिंग ब्लेडपासून अर्ध्या मिमीहून थोडं कमी दूर. मशीन मोकळं फिरताना बेअरिंग फिरता कामा नये, लाकूड लागल्यावरच फिरावं. वरचं गाइड लाकडाच्या ५ मिमी वरपर्यंत खाली आणलं. आधी ते ४०-५० मिमी वर राहत असे आणि अरुंद ब्लेड त्या उंचीत हवं तसं भरकटत होतं.

*ताण.* ३ × ०.३६ मिमी ब्लेडचा छेद सुमारे १ चौरस मिमी. साध्या कार्बन पोलादाच्या ब्लेडला १०० मेगापास्कलच्या आसपास ताण पुरतो, म्हणजे ब्लेडच्या प्रत्येक बाजूला फक्त १० किलोची ओढ. १० मिमी ब्लेडला तीच ३६ किलो. दातांची खोली वजा केली की दोन्ही आकडे आणखी खाली येतात. मशीनवरच्या खुणेवर न विसंबता वरचं गाइड १५० मिमीवर नेऊन, मशीन बंद असताना, ब्लेड बोटाने बाजूला दाबून पाहिलं. साधारण ६ मिमी सरकलं की ताण ठीक. दिवस संपला की ताण सैल करायची सवय लावली.

*ब्लेडची पाठ.* नव्या ३ मिमी ब्लेडच्या मागच्या दोन कडा, मशीन चालू असताना, बारीक तेलपाषाण हलका टेकवून गोल केल्या. गोल पाठ वळणावर कापाच्या भिंतीत रुतत नाही. हे करण्यापूर्वी मशीनमधला भुसा पूर्ण काढला, कारण ठिणग्या उडतात.

*टेबल.* मूळ टेबलाच्या मधल्या चकतीतली खाच ८ मिमी रुंद होती. १४ मिमीचा तुकडा तिच्या काठावर कलंडतोच. ४ मिमी एमडीएफचा (लाकडाचे धागे दाबून केलेल्या फळीचा) एक तुकडा चालत्या ब्लेडमध्ये मध्यापर्यंत सरकवला, मशीन बंद करून तो दुहेरी टेपने टेबलाला चिकटवला. आता खाच ब्लेडच्या कापाइतकीच. तुकडे पडणं थांबलं आणि प्लायवूडच्या खालच्या थराला ब्लेडपर्यंत टेकण मिळालं. या संपूर्ण प्रकरणात एवढ्या कमी श्रमात एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडला नाही. ब्लेडवर विचार करण्यात गेलेल्या दिवसांआधीच हा तुकडा तिथे असायला हवा होता. ब्लेड बदललं की नवा तुकडा घ्यायचा. जुन्या तुकड्यातली खाच ३ मिमी ब्लेडला सैल पडते.

*बरगड्या रचून कापणं.* तीन संचांमधली एकाच आकाराची बरगडी टेपने एकत्र चिकटवून, १८ मिमीचा थर. १४ दातांच्या ब्लेडने दातांचा आकडा ३.३ वरून जवळपास १० वर गेला. म्हणजे ब्लेड न बदलता, लाकडाची जाडी बदलून, तेच ब्लेड योग्य पट्ट्यात आणलं. मधल्या थराला वर-खाली आधार असल्याने कपचे उडतच नाहीत. खालच्या थरासाठी ३ मिमीचा टाकाऊ प्लायवूड चिकटवला. जाड थरात टेबलाचा काटकोन जास्त महत्त्वाचा होतो. १ अंशाची चूक १८ मिमीवर ०.३ मिमी होते. म्हणून दर सत्राच्या सुरुवातीला गुण्याने ब्लेड आणि टेबल तपासलं.

*कापायचा क्रम.* आधी आतल्या कोपऱ्याच्या दिशेने एक-दोन सरळ मोकळे काप, मग वळण. मोकळ्या कापामुळे टाकाऊ भाग वाटेत गळून पडतो आणि वळणात ब्लेडला जागा मिळते. लांब वळणातून मागे यायची वेळ आली तर मशीन बंद करून यायचं. चालू मशीनवर मागे ओढलं की ३ मिमी ब्लेड चाकावरून उतरतं. रेषेच्या बाहेर अर्धा मिमी ठेवून कापायचं, उरलेलं ड्रमला लावलेल्या सँडपेपरवर.

*आधार-तुकडे.* १४ × १८ मिमीचा तुकडा बोटाने धरून कापायचा नाही, हा नियम पक्का केला. ६० मिमी रुंद आणि २५० मिमी लांब पट्टीवर तुकडे आखले, आतली वळणं आधी कापली, मग बाहेरची बाजू, आणि पट्टीपासून सुटा करणारा काप सर्वांत शेवटी. तोपर्यंत हात पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, ब्लेडपासून ७५ मिमीहून दूर. पट्टी संपत आली की उरलेला भाग दुहेरी टेपने मोठ्या फळकुटावर चिकटवून. सुटलेला तुकडा ब्लेड चालू असताना हाताने उचलायचा नाही, काठीने बाजूला सारायचा.

*पट्ट्या.* १० मिमी ब्लेड चढवल्यावर आधी एका टाकाऊ फळीवर कडेला समांतर रेष मारून ती हाताने, फेन्सशिवाय (फेन्स म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची सरळ कड), निम्म्यापर्यंत कापली आणि फळी तिथेच धरून मशीन बंद केलं. ब्लेडला सरळ जायला फळी ज्या कोनात धरावी लागली, त्याच कोनात फेन्स लावली. कोन जेमतेम दीड अंशाचा निघाला. पट्ट्यांची जाडी बदलण्यामागचं मोठं कारण हेच होतं.

निष्पत्ती

२६४ बरगड्यांपैकी ९ बाद झाल्या. त्यातल्या ६ दोन रचलेल्या थरांमधल्या. टेप अरुंद वापरल्यामुळे थर कापताना सरकले. ३ बरगड्यांत ब्लेड रेषेच्या आत गेलं. कपचा उडाला म्हणून एकही गेली नाही.

आधार-तुकड्यांची संख्या जास्त, ४३२, आणि इथे सुधारणा तितकी झगझगीत नव्हती. आकार बरोबर आले, पण वळणाच्या तळाशी दातांच्या खुणा राहिल्या आणि प्रत्येक तुकडा हाताने घासावा लागला. बीचसारख्या लाकडात आडव्या रेषांवरचा काप इतपत खरखरीत राहतोच. तो दातसंख्या वाढवून जाणार नाही.

पट्ट्यांची जाडी २.० ते २.२ मिमीमध्ये राहिली. पातळ ब्लेडचा कापही अरुंद, सुमारे ०.७ मिमी, आधीच्या जाड ब्लेडचा १.१. पूर्वी २.४ मिमीवर कापून घासायला जागा ठेवावी लागे, म्हणजे १०० मिमी फळीत २८ पट्ट्या. आता २.१ मिमीवर ३५.

३ मिमीची तीन ब्लेडं संपली, चौथं ब्लेड काम संपताना चढवलेलं होतं. प्रत्येक सात ते नऊ तास चाललं आणि खाचेतूनच चीर येऊन तुटलं. एवढ्या अरुंद ब्लेडचं हे आयुष्य बरं म्हणायचं. १० मिमीचं एकच ब्लेड पुरलं. ब्लेड बदलून गाइड नीट लावायला पहिल्यांदा २५ मिनिटं लागली, नंतर १२.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाचा पहिला टप्पा कपचे उडालेल्या बरगड्यांपाशी होता. तिथे कार्यशाळेने ब्लेड बदललं. टेबलावर एमडीएफचा तुकडा आणि प्लायवूडखाली टाकाऊ थर, हे दोन्ही उपाय हाताशी होते आणि जुन्याच ब्लेडवर दहा मिनिटांत करून पाहता आले असते. काही मागवण्याआधी टेकण, काटकोन, गाइड आणि ताण या क्रमाने तपासणी झाली असती तर २४ दातांचं ब्लेड आलंच नसतं.

दुसरा टप्पा निकामी ठरवलेल्या ३ मिमी ब्लेडचा. ते फेकण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा सेट पाहायला हवा होता. एका बाजूचा गेला असेल तर दोष गाइडचा, दोन्ही बाजूंचा सारखा गेला असेल तर ब्लेड खरंच झिजलं. हीच तपासणी तुटलेल्या पहिल्या ब्लेडची केली असती तर दुसरं जाड ब्लेड चढलं नसतं.

तिसरी गोष्ट वगळलेल्या ६ मिमी, १४ दातांच्या ब्लेडची. बरगड्यांची बाहेरची वळणं २५ मिमीच्या वरची होती, ६ मिमी ब्लेडला ती सहज जमली असती. ३ मिमी ब्लेड सौम्य, लांब वळणावर सतत सांभाळावं लागतं. हात जरा हलला की ते रेषेवर लाट काढतं. रेषेच्या आत गेलेल्या तिन्ही बरगड्या बाहेरच्या वळणावरच बिघडल्या, आणि सगळ्या बरगड्यांच्या बाहेरच्या कडा घासण्यात गेलेला वेळ आतल्या कोपऱ्यांपेक्षा जास्त होता. ८८ थरांची बाहेरची कड आधी ६ मिमीने, मग ब्लेड एकदाच बदलून आतले कोपरे ३ मिमीने, असं केलं असतं तर १२ मिनिटांच्या एका बदलात हे टळलं असतं. शिवाय तीनऐवजी बहुधा दोनच अरुंद ब्लेडं खर्ची पडली असती. या रचनेत एकच अडचण आहे. थर दोनदा हाताळला जातो, म्हणून टेप पूर्ण लांबीची आणि किमान २५ मिमी रुंद लागेल. नाहीतर सरकलेल्या सहा बरगड्यांच्या जागी आणखी जास्त सरकतील.

पुढच्या १२ संचांसाठी कार्यशाळेने हेच ६ मिमी, ०.३६ मिमी जाडीचं, १४ दातांचं ब्लेड मागवलं आहे. आधार-तुकड्यांचं आतलं वळण आराखड्यात ५ वरून ६ मिमी केलं आहे, म्हणजे सेट थोडा झिजलेलं ३ मिमी ब्लेडही शेवटपर्यंत वापरता येईल.